बगळ्याची चकती

माझ्या बंडीच्या खिशात एक लाकडी चकती असते. जुन्या कलदार रुपयापेक्षा थोडी मोठी, लाखेच्या तांबड्या रंगाची, आणि तिच्यावर एका पायावर उभा राहिलेला पांढरा बगळा. सून कपडे धुवायला घेते तेव्हा ती काढून कोनाड्यात ठेवते आणि विचारते, आबा, हे कशाचं बटण हाय. मी सांगत नाही. सांगायला बसलो तर तिचं धुणं राहील. म्हणून लिहून ठेवतो. मी तिसरीतून शाळा सोडली. अक्षर वाकडं आहे आणि लिहिता लिहिता बोलल्यासारखं होतं. असू दे तसंच.

चकतीवरचा बगळा माझ्या बायकोनं केला. ती गेल्या थंडीत गेली.

आमचं काम खरादाचं. बारामतीत कऱ्हेच्या अंगाला आमचं घर होतं आणि पडवीत खराद. लाटणी, पोळपाट, खाटेचे खूर, पाळण्याचे दांडे आणि पोरांची खेळणी. खेळण्यांत खुळखुळे जास्त. खरादाला तेव्हा वीज कुठली. एकानं दोरी ओढायची, लाकूड फिरायचं, दुसऱ्यानं पटाशी धरायची. लग्न होऊन आली तशी दोरी बायकोनं घेतली. मी पटाशी धरायचो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की लाख तापून चढते, मग वरून तेलाचं फडकं धरायचं. एवढं झालं की माझं काम संपलं. पुढं ती खुळखुळ्यावर राघू काढायची, वेल काढायची. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली तिनंच बांधली होती. आठवडी बाजारात आमचे खुळखुळे लांबून ओळखू येत.

ही गोष्ट तीस सालानंतरची. आम्हाला पहिली मुलगी झाली. ती बसायला लागली, दात यायला लागले, आणि जे हाती लागेल ते तोंडात. तिच्या हातात आमचाच खुळखुळा असायचा, पिवळा, वर हिरवा राघू. पावसाळ्याच्या शेवटी तिला हगवण लागली. वैद्य झाला, दवाखाना झाला. पोर गेली.

त्या साली गावात बरीच पोरं गेली, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरात खुळखुळा नव्हता. हे मी आज सांगतो, तेव्हाही सांगत होतो. पण माझी आत्या भेटायला आली आणि चार बायकांत बसून बोलून गेली.

"हरताळाचा रंग त्यो. इख असतंय त्यात. पोर दिसभर चघळत हुती, कुनाच्या ध्येनात आलं न्हाय."

पिवळ्या रंगात आम्ही हरताळ घालायचो, हे खरं. सगळेच घालायचे. हरताळ विषारी, हेही खरं. आमची पोर त्यानं गेली का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही माहीत नाही. मी आत्याला उठ म्हणालो. आमच्या घरी तुझं पाणी संपलं म्हणालो. माझी आई त्यावरून माझ्याशी किती तरी दिवस बोलली नाही. पण बोलायचं ते आत्या बोलून बसली होती आणि बायकोनं ऐकलं होतं.

तिनं रंगाच्या वाट्या, कुंचल्या, पुड्या सगळं एका पाटीत भरलं आणि पाटी माळ्यावर टाकली. दोरी ओढायची, घरचं सगळं करायची, पण रंगाला हात नाही. मी नुसते लाखेचे खुळखुळे बाजारात न्यायला लागलो, त्यातही पिवळा नाही. लोक विचारत, राघू कुठं गेला. मी म्हणायचो, उडाला. पुढं कोणी विचारू नये म्हणून तसं म्हणायचो.

अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस इंदापूरकडून कारकून आला.

त्या काळात इंदापूरच्या बाजूला कालव्याची आणि उसाची कामं जोरात होती. साहेब लोकांचे बंगले झाले होते आणि एका बंगल्यात त्यांचा क्लब होता. संध्याकाळी तिथं पत्ते चालत. कारकून पडवीत टेकला, टोपी काढली आणि म्हणाला, साहेबांना चिपा पाहिजेत, बऱ्याच पाहिजेत.

मला वाटलं चिपाडं. रस काढल्यावर उसाचं जे राहतं ते. मी म्हणालो, "रावसाहेब, चिपाडाला खरादी कशाला पायजे? तुमी आलात त्याच रस्त्यानं गुऱ्हाळं हायेत. गाडीभर फुकट देतील."

कारकून माझ्याकडं बघतच राहिला. आत आई हसली. मग त्यानं खिशातून एक विलायती चकती काढली आणि समजावून सांगितलं. पत्त्याच्या डावात पैशाच्या जागी या चकत्या मांडतात. क्लबाला स्वतःच्या हव्यात, प्रत्येकीवर क्लबाची खूण, कालव्यावरचा बगळा. तांबड्या, निळ्या, पिवळ्या. पुण्याच्या एका छापखान्याकडून नमुना मागवला आहे, तुमचाही द्या, साहेब दोन्ही शेजारी ठेवून बघतील. बगळ्याचं चित्र त्यानं कागदावर आणलं होतं.

तो गेल्यावर आई म्हणाली, आता जुगाऱ्यांची खेळणी करायची राहिली होती. मी म्हणालो, आपण खेळणीच करतो. बायको दाराआड होती. ती बाहेर आली. चित्राचा कागद उचलला आणि मला विचारलं,

"ह्ये पोरांच्या हातात जायाचं हाय का?"

"न्हाय. मोठ्या मानसांचं हाय."

"कुनी तोंडात घालायचं न्हाय?"

"सायेब चकत्या कशाला चघळतील?"

संध्याकाळी तिनं माळ्यावरची पाटी खाली काढली. मी बघितलं. मला त्या कामाचं तेवढंच पडलं होतं. साहेबांनी चकत्या घेतल्या काय आणि पुण्याला दिल्या काय. पाटी पुन्हा माळ्यावर जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

पिवळी करणार नाही असं तिनं आधीच सांगून टाकलं. नमुन्याला तांबडी आणि निळी पुष्कळ झाली. चकत्या मी काढल्या, लाख चढवली. पण बगळा हातानं काढला तर प्रत्येक वेगळा होणार. म्हणून मी चिंचेच्या गाभ्याचा ठसा कोरला. पंख, चोच, डोळा आणि एक पाय. पाय केसासारखा बारीक ठेवला. आता छापायचं कसं? रंग कालवून ठसा मारला तर लाखेवर तो पसरायचा. पाय जाड व्हायचा, डोळा बुजायचा. पाच-सहा तऱ्हा करून बघितल्या. लाख तेलकट, रंग तिच्यावर थारा धरत नव्हता.

वाट तिला सकाळी आरशापुढं सापडली. तेव्हा बायका कपाळाला आधी बोटानं मेण लावत, गोल, आणि त्यावर कुंकू दाबत. कुंकू मेणापुरतंच धरायचं, बाकीचं झटकलं की निघून जायचं. कड अशी यायची की जणू कोरली आहे. कपाळाला मेण लावता लावता तिचं बोट थांबलं. मग मेणाची डबी घेऊन ती तशीच, कुंकू न लावता, पडवीत आली. आई ओरडली, सवाष्णीनं असं कपाळ उघडं ठेवून हिंडू नये. बायकोनं ऐकलं नाही. मेण पातळ केलं, ठशाला लावलं, ठसा चकतीवर ठेवून उचलला. चकतीवर काही दिसेना. मग तिनं शंखजिऱ्याची, त्या मऊ पांढऱ्या दगडाची, वस्त्रगाळ पूड वर टाकली आणि फुंकर घातली. बगळा उभा राहिला. पाय बारीक, चोच टोकदार, डोळ्यात तांबडा ठिपका मोकळा.

तिनं माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

मी तो नमुना फडक्यात गुंडाळून सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेलो. उन्हाळ्याचे दिवस, बंगल्याच्या व्हरांड्यात वाळ्याचे पडदे लावलेले. साहेब गोरा होता पण उद्धट नव्हता. कारकुनानं टेबलावर पांढरं कापड घातलं आणि दोन्हीकडचे नमुने शेजारी शेजारी मांडले.

पुण्याची चकती मी पहिल्यांदा बघितली. लाकडाला वर छापील कागद चिकटवलेला, त्याला रोगण. खोटं बोलणार नाही, काम नेटकं होतं. सगळे बगळे एका मापाचे. मधोमध बसवलेले. रंग सगळीकडं सारखा. पण पाय काठीसारखा जाड होता, आणि भिंगातून बघितल्यावर डोळा शाईनं भरलेला. आमचा बगळा थोडा डावीकडं कललेला होता, तो दोष माझ्या हाताचा. पण पायाची रेघ आमची सरस होती. साहेबानं भिंग माझ्या हातात दिलं आणि पायाकडं बोट केलं. हे कोणी केलं, असं कारकुनाला विचारलं. मी म्हणालो, घरात केलं.

मग साहेबानं आमची चकती हातात घेतली. पत्ते खेळणाऱ्याची सवय असते, चकती बोटांत फिरवत बसायची. तो बोलत होता आणि अंगठा फिरत होता. हवा तापलेली, हाताला घाम. मी त्याच्या अंगठ्याकडंच बघत होतो. त्यानं चकती खाली ठेवली. तिच्यावर बगळा नव्हता. अर्धा पंख राहिला होता. बाकीचा बगळा साहेबाच्या अंगठ्यावर उमटला होता, पाय वर, डोकं खाली.

साहेब हसला. अंगठा कारकुनाला दाखवला, मला दाखवला. मग हात पुसला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काम फार चांगला. पण हाताला लागतो."

त्यात त्याचं काही चुकलं नाही. काम पुण्याला गेलं.

येताना वाटभर मी विचार केला की तिला काय सांगावं. सांगता आलं असतं की साहेबाला कललेला बगळा आवडला नाही. मग दोष माझ्यावर आला असता. पण मला वळवून बोलता येत नाही, आणि तिला मी कधी वळवून बोललो नव्हतो. घरात शिरलो, पाणी प्यालो आणि म्हणालो, "रंग सुटला. सायबाच्या अंगठ्याला लागला."

ती भाकरी थापत होती. हात तसाच परातीवर राहिला.

"समदा?"

"समदा."

आई चुलीपलीकडून म्हणाली की एवढं तोडून सांगायची काय गरज होती. पाटी पडवीत तशीच पडली होती. आता ही ती उचलणार आणि माळ्यावर टाकणार, असं मला वाटत होतं. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी झाली. मग ती पडवीत आली आणि पाटीजवळ बसली. खाली बघतच म्हणाली,

"मेनाचंच हुतं त्ये. सुटायचंच. कपाळावरचं बी कुठं ऱ्हातंय, रोज लावावं लागतंय. पर न सुटनारा रंग असंल की कायतरी."

"कशाला पायजे आता? काम तर गेलं."

"सायबाला न्हाय," ती म्हणाली. "मला पायजे."

कशाला, ते मला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात जे चाललं त्याला आई खूळ म्हणायची. मेणात राळ घालून बघितली, कोरडी झाल्यावर तिला तडे गेले. राळ जवसाच्या तेलात कढवली, ती वाळायला आठवडा घेई. घरभर त्याचा वास, भाकरीलासुद्धा. मी म्हणालो, सफेता आणतो, दुकानातला पांढरा रंग, तो चांगला धरतो. ती म्हणाली, सफेत्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हतं. मग नको, म्हणाली. शंखजिरं खाल्लं तरी माणूस मरत नाही.

आणि चकती वाळली की ती तोंडात घालायची. स्वतःच्या. गालात धरून दळायची, धुणं धुवायची, खरादाची दोरी ओढायची. मग काढायची आणि धोतराच्या पांढऱ्या धांदोट्यावर घासून बघायची. धांदोट्यावर डाग उठला की चकती चुलीत. शेजारीण विचारायची, अगं, तोंडात सुपारी हाय का, बोलत का न्हाईस. आई तिला सांगायची, बगळा धरलाय तोंडात तिनं. मी एकदा म्हणालो की जरा माझ्याही तोंडात दे, तुझंच तोंड का झिजवतेस. तर म्हणाली, न्हाय. ह्ये माझं हाय.

पावसाळा सरता सरता एक चकती निघाली. तांबडी. ती तिनं सकाळी गालात धरली ती दुपारी काढली. धांदोट्यावर घासली. कापड पांढरं. पुन्हा घासली. पुन्हा पांढरं. तिनं ती मला दिली. मी बघितली. खरं सांगायचं तर मेणाच्या बगळ्याची सर त्याला नव्हती. तेलानं पांढरा रंग मळका झाला होता आणि चोचीचं टोक जरा बसकं. साहेबापुढं ठेवला असता तर पुण्याचाच बगळा उजवा ठरला असता. मी तसं म्हणालो.

ती म्हणाली, "कालव्यातला बगळा कुठं एवढा पांढरा असतोय?"

पुण्याची एक चकती मी कारकुनाकडून मागून आणली होती. तिच्या मनात होतं म्हणून. तीही तिनं गालात धरली. घटकाभरात कागद सुटला आणि निळी शाई तिच्या जिभेला लागली. मला जीभ काढून दाखवली. पोर गेल्यापासून ती मोठ्यानं हसलेली मी तेव्हाच ऐकली. छापखान्यानं चकत्या चघळायला केल्या नव्हत्या, हे आम्हा दोघांना कळत होतं. साहेबांनी त्या पुष्कळ वर्षं वापरल्या म्हणतात.

पुढच्या बाजारात मी खुळखुळे नेले त्यांच्यावर राघूच्या जागी बगळा होता. लोकांनी विचारलं, ह्ये काय. मी म्हणालो, बगळा. एक-दोघी म्हणाल्या, राघू बरा होता. बायकोनं राघू पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आम्हाला मुलगा झाला, ज्याची बायको आज माझे कपडे धुते. तो बसायला लागला तेव्हा खुळखुळा त्याच्या हातात द्यायला मी धजत नव्हतो. आईही नको म्हणाली. बायकोनं दिला. पोरानं घेतला आणि सरळ तोंडात घातला. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. भाकरी करायची होती, दळण होतं, ती हलली नाही. लाळ गळून खुळखुळा ओला झाला. तिनं पदराचं पांढरं टोक घेतलं, त्याच्या तोंडाखालून फिरवलं आणि उजेडाकडं धरून बघितलं. मग उठली. चुलीकडं गेली आणि पाठ करून बसली. मी पोराजवळ थांबलो.

आता प्लास्टिकचे खुळखुळे आलेत. नातू एमआयडीसीत जातो, तिथं तसल्याच वस्तू मशिनीतून पडतात म्हणे, चित्रासकट. चांगल्या असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही.

गेल्या थंडीत ती गेली तेव्हा बायकांनी तिचं कपाळ कुंकवानं भरलं. अंगणात वारा होता आणि कोरडं कुंकू पापण्यांवर, पांढऱ्या केसांवर उडत होतं. मी आत जाऊन तिची मेणाची डबी शोधली. कित्येक वर्षांत तिनं मेण लावलं नव्हतं, गंध लावायची, पण डबी टाकली नव्हती. मेण दगडासारखं झालं होतं. निखाऱ्यावर धरून मऊ केलं. बाहेर येऊन तिचं कपाळ पुसलं. तेव्हा कोणीतरी म्हणालं, आबा, पुरुषानं करायचं नसतं. मी म्हणालो, गप बसा. बोटानं मेण लावलं, गोल, तिच्यासारखं जमलं नाही. वर कुंकू दाबलं आणि फुंकर घातली. कड बरी आली. सुटायचंच होतं ते, तिनंच सांगितलं होतं. पण स्मशानापर्यंत राहिलं.

घरी आल्यावर तिच्या ट्रंकेत ती चकती सापडली. धांदोट्यात गुंडाळलेली.

दुपारी घरात कोणी नसतं. तेव्हा मी ती गालात धरून बसतो. दात राहिले नाहीत, त्यामुळं बरी बसते. लाकडाची चव लागते, जवसाची जराशी. परवा सून लवकर आली आणि म्हणाली, "आबा, काय चघळताय? डाक्टरनं सुपारी बंद केलीया न्हवं?"

मी चकती काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि सोगा तिला दाखवला. ती म्हणाली, काय बघू, काहीच तर न्हाय.

मी म्हणालो, व्हय, त्येच.